कुंडी धुवावी की नाही

गुडगाव,
४ ऑक्टोबर १९९९

चि. अंशू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण कळवायचं तू काही मनावर घेत नाहीस. तुझा दिल्लीतला, मुनिरक्याचा पत्ता तुझ्या मित्राकडून, जयदीपकडून काढला. त्याच्यावर रागावू नकोस, बेसनाचे लाडू पुढे ठेवल्यावर त्याचा काही इलाज चालला नाही.

पत्राला कारण आहे. तुझं एक झाड जिवंत आहे.

हो, तेच. गणपतीच्या दिवशी बाबांनी एक उपटून फेकलं, पण दुसरी कुंडी गच्चीवर टाकीच्या मागे होती, ती त्यांना दिसली नाही. मी तिला रोज पाणी घालते. ते गांजाचं आहे हे आता मला पक्कं ठाऊक आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या बायकोला हे शोभत नाही हेही ठाऊक आहे. पण झाड मान टाकून उभं असलं की मला राहवत नाही, त्याला मी तरी काय करू?

तर प्रश्न असा, की पानांची टोकं करपल्यासारखी झालीत आणि मातीवर पांढरा थर धरलाय. त्या दिवशी तू कुंड्यांत बादल्याच्या बादल्या ओतत होतास, खालून पाण्याचे ओघळ वाहत होते, आणि ‘माती धुतोय’ असं काहीतरी सांगत होतास. ते कशासाठी असतं? मीही धुऊ का? की त्यानं मुळं कुजतात? तेव्हा विचारायला सवडच मिळाली नाही.

तू वर होतास, त्यामुळे खाली काय झालं ते तुला माहीत नसणार. सगळा घोळ माझ्या पत्रीनं केला. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा गणपतीच्या एकवीस पत्री कॉलनीतल्या बागांमधून सहज जमायच्या. इथे नव्या सेक्टरात जिकडे बघावं तिकडे विटा आणि वाळूचे ढीग, दूर्वा मिळायची मारामार. गच्चीवर तुझी रोपं बघितली आणि वाटलं, बरं झालं, पोरानं झेंडू लावलाय. रस्त्याकडेची भांग मी तीस वर्षं पाहतेय, पण ती धुळीनं माखलेली. तुझी इतकी तजेलदार होती की ओळखूच आली नाही. चांगली मूठभर पानं खुडली, पाटावर मांडली, आणि मनोभावे वाहिली.

आरतीला बाबांचे साहेब, विनायककाका, आले होते. त्यांनी एक पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, “वहिनी, ही तर भांग आहे! वा यार, बाप्पा आज बिल्कुल खूश!” सगळे हसले. मीही हसले. बाबा हसले नाहीत. “कहाँ से आया ये?” त्यांनी मला चक्क हिंदीत विचारलं, म्हणजे बघ किती चिडले असतील. मग पाहुणे हात धुवायला उठले तर नळ कोरडा. सगळी टाकी तू कुंड्यांत रिकामी केली होतीस.

मग तू खाली आलास. पुढचं मी लिहीत नाही. तू जे बोललास आणि ते जे बोलले, ते दोघांनाही पाठ असेल.

कुंडी धुवायची की नाही, तेवढं कळव. एका ओळीचं कार्डही चालेल.

तुझी
आई

—

२५ ऑक्टोबर १९९९

चि. अंशू,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. “दोन बादल्या साधं पाणी हळूहळू सोड, खालून निघू दे. खतं बंद.” खरंच एका ओळीचं कार्ड लिहिलंस! मी ते उलटसुलट करून पाहिलं. जेवतोस कुठे, अंगावर पांघरायला काही आहे का, यातलं काही नव्हतं. पण अक्षर तुझं होतं, त्यामुळे दोन दिवस उशीखाली ठेवलं. आता हस, हसायचं तर.

सांगितलंस तसं केलं. दोन बादल्या ओतल्या, हळूहळू, कंबर मोडेपर्यंत. आठवड्यानं माती वाळली तर थर होता त्याहून जाड. मी पुन्हा दोन बादल्या घेऊन वर गेले, आणि ओतत असताना मागे बघते तर बाबा.

मला वाटलं, संपलं आता. त्यांनी कुंडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसले. मातीवरचा तो पांढरा थर नखानं खरवडला आणि जिभेला लावला. आयुष्यभर हरियाणातल्या विहिरींचं पाणी तपासलेला माणूस, जीभ आधी पुढे येते. थुंकले आणि मला म्हणाले, “नीला, मीठ काढायला मीठच ओततेस होय?”

बोअरचं पाणी खारं. त्यानं धुतलं की जेवढं जातं, तेवढंच सुकताना पुन्हा वर येतं. मला हे कुठून कळणार? बाबा खाली गेले. मला वाटलं, फावडं आणतील. ते आले पिण्याच्या पाण्याचा कॅन घेऊन, तो आपण विकत घेतो तो. कुंडीपाशी उकिडवे बसून त्यांनी तांब्या तांब्यानं सगळा कॅन मातीत सोडला. मधे थांबायचे, खालून निघालेलं पाणी बोटावर घेऊन चाखायचे, पुन्हा सोडायचे. झाड कशाचं आहे याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी चव घेऊन म्हणाले, “हां, आता ठीक.” उठताना माझा हात धरला, गुडघे दुखतात त्यांचे.

जिन्यात म्हणाले, “त्याला लिहितेस ना? लिही, तुझी रीत बरोबर होती. पाणी चुकलं.”

मी पत्र लिहिते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. उशी उचलून बघितली असेल.

मागच्या पत्रात जे टाळलं ते आता लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. “पाण्याच्या खात्यात जन्म काढलात आणि घर बांधलंत खाऱ्या पाण्यावर,” असं तू त्यांना पाहुण्यांदेखत म्हणालास. ते “मग राहू नकोस इथे” म्हणाले ते त्यानंतर. गांजाचं त्यांनी एव्हाना पचवलं असतं रे, विनायककाकांनी सुद्धा ते हसण्यावारी नेलं. पण हे त्यांना फार लागलं. कुंडी धुतली त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, “प्लॉट घेण्याआधी मी पाणी तपासलं होतं. खारं आहे, माहीत होतं. दिल्लीत परवडत नव्हतं. क्वार्टर सुटल्यावर पोराला कुठे नेणार होतो?” आणि मग ते भात कालवत बसले, खाल्ला नाही.

मी हे कुणाची बाजू घेऊन लिहीत नाही. मला दोघंही एका पंगतीला हवेत.

दिवाळी आहे सात तारखेला. चकलीची भाजणी दळून आणली आहे. झाडाला नवी पानं फुटली तर कळवीनच.

तुझी
आई

—

२८ नोव्हेंबर १९९९

चि. अंशू,

आशीर्वाद.

दिवाळीत तू आला नाहीस. कार्डही आलं नाही. फाटकाचा आवाज झाला की बाबा पेपर खाली करायचे, मग पुन्हा वर. चकल्या मऊ पडल्या, मी त्या तळून पुन्हा कुरकुरीत केल्या, पुन्हा मऊ पडल्या. शेवटी कामवालीला दिल्या.

झाड गेलं.

बाबांच्या पाण्यानंतर ते चांगलं तरारलं होतं. मग पिवळं पडायला लागलं, खालून वर, आणि गेल्या आठवड्यात वाळून उभं राहिलं. मला वाटलं, माझ्याच हातानं गेलं. बाबा म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही. एका मोसमाचं झाड ते, तेवढंच जगतं. आणि नर होतं ते, गांजा धरतो मादीला. त्यातून पोराला काही मिळायचंही नव्हतं.” एवढं रामायण झालं, ते असल्या झाडापायी. मला हसू आलं आणि मग हसता हसता मी इतकी रडले की बाबांना माझ्यासाठी चहा करावा लागला. साखर घालायला विसरले.

आता खरं सांगते. झाड गेलं हे तुला कसं कळवू, याचाच मला घोर लागला होता. ते होतं तोवर तुला विचारायला माझ्याकडे काहीतरी होतं. पाणी किती, ऊन किती, धुवायचं की नाही. त्यावर तू उत्तर देत होतास.

मंगळवारी मी मुनिरक्याला आले होते. उल्काताईकडे जाते असं बाबांना खोटंच सांगितलं. ते म्हणाले, “जा. स्वेटर ने त्याचा.” तुझी गल्ली सापडायला वेळ लागला, सगळ्या सारख्याच अरुंद आणि डोक्यावर तारांचं जाळं. तू कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन निघालास. केस वाढलेत. बारीक झालायस. पायात नुसत्या चपला, या थंडीत. मी रस्त्याच्या पलीकडे होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण तू वळून “काय गं?” म्हणाला असतास, तर काय सांगायचं हेच मला ठरवता येईना. झाड मेलं, हे रस्त्यात ओरडून सांगायचं का? तेवढ्यात तू वळून दिसेनासा झालास. स्वेटर परत आणला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवला.

आईनं पोटच्या पोराला हाक मारायला कारण शोधावं, याची मला इतकी लाज वाटली की परतीच्या बसमध्ये मी पदर तोंडावर ओढून बसले.

म्हणून आज कारणाशिवाय लिहिते. मला तुझी फार आठवण येते. बाबांनाही येते. ते म्हणणार नाहीत, तू त्यांच्याकडून वदवून घेऊ नकोस. तू घरी ये. राहायला नको असेल तर जेवायला ये, आणि जेवायलाही नको असेल तर नुसता फाटकाशी उभा राहून जा. यायचं नसेल, तर तसं लिही. मी तेही वाचीन.

फक्त झाडाबद्दल काही लिहू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
आई