ड्रम फिरतोय तोवर

७ जानेवारी

ओहोटी एवढी मागे गेली होती की वाटलं, समुद्राने आज सुट्टी घेतली. मी आणि वहिनी पार खडकांपर्यंत चालत गेलो. मला चार अकीकाचे दगड मिळाले, वहिनींना सहा. त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार आहे, पण त्यांच्यासमोर मी ते कबूल करत नाही.

हातात घेतला तेव्हा प्रत्येक दगड मळकट बटाटा. ओला करून उजेडाकडे धरला की आत पट्टे — मधाचे, दुधाचे, एकात तर फिकट निळे. मी थुंकी लावून पुसते. वहिनी लाटेत बुडवतात. म्हणाल्या, "वन्सं, दातांच्या धंद्यातल्या माणसाने तरी हे करू नये."

मी लॅबमध्ये कवळ्या बनवते, त्यावरून हा टोमणा. नऊ वर्षं रोज एक तरी असतोच.

८ जानेवारी

दगड घासायचा ड्रम सुरू केला! दादाने बादलीत साठवलेले सगळे दगड आणि कालचे दहा. दादाला गोळा करायचा नाद होता, घासायचा नव्हता. तो गेल्यापासून बादली तशीच होती. काल वहिनी आपणहून म्हणाल्या, घाला आता त्यात.

मोटर वहिनींच्या जुन्या शिलाई मशीनची. जागा बाथरूममध्ये, बादलीशेजारी. पहिला आठवडा घासायची जाडी भुकटी, मग मधली, मग बारीक, शेवटी पॉलिशची पूड. प्रत्येक वेळी दगड धुवायचे आणि ड्रमही धुवायचा. जाड्या भुकटीचा कण पुढच्या पायरीत गेला तर सगळं मुसळ केरात. मी दात घासायचा ब्रश घेऊन एकेक दगड धुते. लॅबमध्येही माझी हीच ख्याती आहे — हिच्या हातची कवळी म्हणजे आरसा.

घरर्र, घरर्र. दुसऱ्या खोलीत कुणी दळत बसलंय असा आवाज. ऐकता ऐकता डोळे मिटले. खिडकीत ऊन, वहिनी कापड बेततायत. असंच चालू राहावं.

११ जानेवारी

वहिनींच्या धाकट्या बहिणीचा फोन. डोंगराकडच्या गावात तिने पडदे आणि गणवेश शिवायचं दुकान काढलंय. काम आवरत नाही. "ताई, तू ये. भागीदार म्हणून ये."

वहिनींनी फोन ठेवला आणि मला सगळं सांगितलं. मी म्हणाले, "छानच की." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठून चहाचं आधण ठेवलं.

१२ जानेवारी

वहिनी जाणार. म्हणाल्या, "दगड तयार झाले की जाईन. ह्यांच्या दगडांतले ओंजळभर बरोबर नेईन." ह्यांचे म्हणजे दादाचे.

बरं, म्हटलं.

१५ जानेवारी

मधली भुकटी घातली. दगडांचे कोपरे गेलेत. ओले असताना फारच देखणे, वाळले की पुन्हा धुरकट. वहिनी सुकत घातलेल्या दगडांवर हात फिरवत बसल्या. त्यांची बोटं सुईने टोचून टोचून खरबरीत झालीयत, दगड त्यांच्याहून मऊ.

कुणी विचारलं तर सांगेन, मला भीती वाटतेय. या घरात माझ्याशी भांडणारं, माझ्या चहात साखर जास्त झाली म्हणून सांगणारं दुसरं कोण आहे? पण त्यांना का अडवावं? दादा गेल्यावर लोक म्हणायचे, वर्षभरात माहेरी जाईल. त्या गेल्या नाहीत. माझ्यासाठी राहिल्या असतील तर पुरे झालं ते.

२३ जानेवारी

बारीक भुकटी कालपासून. काही लिहावंसं वाटत नाही. समुद्र शांत.

२९ जानेवारी

शेवटची पायरी, पॉलिशची पूड. ड्रमचा आवाजही बदललाय, नुसती कुजबुज. लॅबवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "दगडांना आता कवळी बसवणार का?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा त्यांचे दात बरे आहेत. काका दुपारपर्यंत हसत होते.

संध्याकाळी घरी जरा डोळा लागला तर स्वप्न पडलं. मी ड्रमच्या आत होते. आत पाणी कोमट, उजेड मधाच्या रंगाचा. दादाही होता, गोल गोल फिरत. मला म्हणाला, घाई काय आहे?

५ फेब्रुवारी

घोटाळा! ड्रम उघडला, दगड धुतले, पुसले — सगळ्यांवर ओरखडे. एकही चमकला नाही. तळाशी बोट फिरवलं तर जाड्या भुकटीचे कण करकरले.

कुठे माशी शिंकली कोण जाणे. मी दोनदा धुतला होता ड्रम. वीस वर्षांत माझ्या हातून कवळीवर ओरखडा गेला नाही, आणि हे? डोळ्यांत पाणी आलं. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. पुन्हा मधल्या भुकटीपासून करा. मी बहिणीला कळवते, थोडा उशीर होईल."

लाज वाटतेय, पण लिहितेच: मला आनंद झाला.

१३ फेब्रुवारी

पुन्हा बारीक भुकटीपर्यंत आलो. सकाळी दोघी किनाऱ्यावर. धुकं इतकं की वहिनी चार पावलांवर असून दिसत नव्हत्या, फक्त आवाज — "वन्सं, सापडला का?" मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावला. त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून.

२० फेब्रुवारी

पॉलिशची पूड पुन्हा. या खेपेला ड्रम पाच वेळा धुतला, ब्रशने, मग फडक्याने, मग बोटाने. झाकण बंद करताना मनात आलं, नीट धुतला नसता तर? पण तसं करायला हात धजावला नाही. खराब काम मला जमतच नाही, काय करू!

२४ फेब्रुवारी

लॅबमधला कॉम्प्रेसर बंद पडला, काकांनी दुपारीच सोडलं. घरात शिरले तर शांतता. ड्रम थांबलेला. बाथरूममध्ये वहिनी उकिडव्या बसलेल्या, झाकण उघडं, एका हातात चमचा, दुसऱ्यात जाड्या भुकटीचा डबा.

मला बघून त्यांनी भरलेला चमचा डब्यात पालथा केला. म्हणाल्या, "मागच्या वेळीही मीच."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. का, एवढंच विचारलं.

"हे गेल्यावर नऊ वर्षं या घरात आहे, वन्सं. कुणी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. मला वाटायचं, भावाची बायको म्हणून ठेवून घेतलीय. आताही तुम्ही छानच की म्हणालात. वाटलं, थोडा वेळ मिळाला तर म्हणाल काहीतरी."

"मला वाटलं तुम्हाला जायचंय."

"जायचंच आहे," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? ते दुकान मला हवंय."

मग काय म्हणायचं होतं मी? झाकण लावलं, बटण दाबलं आणि एकटीच समुद्रावर गेले. तिथे मोठ्याने रडले. आसपास कुणी नव्हतं, गलबतं लांब होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या माझ्यावर उपकार म्हणून राहिल्यात. त्यांना वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार करतेय. दोन शहाण्या बायका!

२५ फेब्रुवारी

माझा चहा त्यांनी झाकून ठेवला होता, साखर मोजकी. मी गार झाल्यावर प्यायले.

२७ फेब्रुवारी

आज म्हटलं शेवटी. कपबशा विसळत होते, त्यांच्याकडे पाठ होती, म्हणून जमलं. "वहिनी, जाऊ नका. तुम्ही नसलात तर मला इथे करमणार नाही."

त्यांनी हातातली कात्री ठेवली. मग जवळ येऊन माझ्या हातातली बशी घेतली आणि पुसायला लागल्या. म्हणाल्या, "बास. हे ऐकल्याशिवाय पाय निघत नव्हता."

उद्या सकाळच्या बसने जातायत. दगड झकास चमकलेत. बॅग मीच भरून दिली, तळाशी दादाचे ओंजळभर.