टाकीचं झाकण

१६ जानेवारी, गुरुवार
पिकअपच्या टाकीला कुलूप बसलं. ह्यांनी भंगारवाल्याकडून किल्लीचं झाकण आणलं, जुनं काढून फेकून दिलं. किल्ली ह्यांच्या कंपनीच्या डब्याच्या पिशवीत.

डिझेल जास्त जातंय हे मीच सांगितलं होतं. हिशेब मी लिहिते, दिसलं म्हणून बोलले. आनंदा चोरतोय असं नव्हतं म्हटलं! ते ह्यांनी स्वतःच जोडलं.

आनंदा गाडी धूत होता. माझ्या पाठचा भाऊ, तासगावहून येऊन दोन वर्षं आमचीच गाडी चालवतोय. म्हणाला, “दाजी, आता रात्री माझ्या तोंडालाबी एक कुलूप लावा. घोरतो म्हणं मी.” हे हसले नाहीत. उपासाचं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

२० जानेवारी
गाडी वाघोबाच्या खिंडीत बंद पडली. माल भरलेला, चढ. आधी ओढ गेली, मग इंजिनच थांबलं म्हणे. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. मनोरला माल उशिरा पोचला, तिथल्या मॅनेजरचा फोन ह्यांना कंपनीत गेला.

संध्याकाळी हे चपला काढायच्या आधीच — “डिझेल विकता येईना, म्हणून आता गाडी बंद पाडतोय तुझा भाऊ.”

तुझा भाऊ. लग्नात मानाचा फेटा बांधला तेव्हा ‘आमचा आनंदा’ होता.

२३ जानेवारी
दत्ताचा उपास. दोघे एका खोलीत जेवले, पाठीला पाठ लावून. गाडी परवा पुन्हा खिंडीत थांबली होती.

२६ जानेवारी
ह्यांना सुट्टी. स्वतः गाडीत बसून मनोरपर्यंत गेले-आले. गाडी एकदाही कुरकुरली नाही. नव्यासारखी! निघताना टाकी उघडून काठी घालून डिझेल मोजलं, वाटेत चहाला थांबले तिथे मोजलं, मनोरला मोजलं.

चाळीच्या दारात उभे राहून मोठ्याने — “मी असलो की चालते. मी नसलो की बंद. आता काय समजायचं ते समजा.” शेजारची हेमांगी कपडे वाळत घालायची थांबली.

आनंदा म्हणाला, “समजलं दाजी.” आणि गाडीतच झोपायला गेला.

२८ जानेवारी
सुजीत मेस्त्रीकडे मीटर बसवला. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीला जोडलाय, आणि लांब नळी काढून घड्याळासारखी तबकडी पुढच्या काचेवर बाहेरून, वायपरखाली बांधली. आत बांधत नाहीत, नळी सुटली तर डिझेल अंगावर उडेल. सुजीत इथलाच, पोरगेला आहे पण नीट समजावतो. “काकू, काटा चारवर पायजे. दोनच्या खाली आला का इंजिन उपाशी. कधी पडतो, चढाला का सपाटीला, तेवढं बघायचं.”

बघणार कोण? हे म्हणाले, “तू जा उद्या. काट्याकडे बघ. आणि त्याच्याकडेही बघ.”

सख्ख्या भावावर पहारा. देवापुढे दिवा लावताना हात जोडले, पण मागायचं काय ते सुचलं नाही.

२९ जानेवारी
गेले. बोईसर सुटेपर्यंत आनंदा रस्त्याकडेच बघत होता. मग — “आक्का, मीटर बघायला आलीयास का मला?”

मी म्हटलं, दोन्ही. खोटं कसं बोलू?

“बघ की मग. हात ष्टेरिंगवर, पाय खाली. तिसरा हात न्हाई मला.”

टाकी कालच गळ्यापर्यंत भरलेली. पालघरपर्यंत काटा चारवर. पालघर सोडलं आणि साडेतीन. काही केलं नव्हतं त्याने, मी त्याच्या हातांवरच नजर ठेवून होते, लाज सोडून. तीन. चढ लागला, अडीच. खिंडीत वाघोबाच्या देवळाला मी हात जोडले तेव्हा दोन, आणि वळणावर गाडी मेली. मागून ट्रकांचे हॉर्न. आनंदाने उतरून मागे दगड लावले, झाडाची फांदी तोडून रस्त्यात ठेवली. रोजचं काम असल्यासारखं.

बसल्या बसल्या मला तेलाचा डबा आठवला. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार गचके खाते, मग थांबते. दुसरं भोक पाडून हवा आत गेली की सरळ येते. हे सोबत असले की टाकी उघडतात, मोजतात. हवा जाते. हे नसले की झाकण बंद ते बंदच!

आनंदाला सांगितलं. त्याने झाकणाला कान लावला, हवेला कुठे भोकच नाही, गच्च. “तोडू का आक्का? चाक खोलायची टॉमी हाय माझ्याकडं.”

मी नको म्हटलं. तोडलं तर ह्यांना वाटेल चोरीसाठीच तोडलं. घरी सांगते, म्हटलं. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली.

रात्री सांगितलं. हे म्हणाले, “इंजिन म्हणजे तुझा तेलाचा डबा नाही. त्याने पढवलं, तू बोललीस.”

३० जानेवारी
कामावरून येऊन हे एकटेच गाडी घेऊन सुजीतकडे गेले. येऊन म्हणाले, पंप गेलाय, नवा यायला पंधरवडा लागेल, तोवर चालवायची. झाकणाचं विचारलं. “झाकणाचं काही नाही.” मीटर काढून ठेवलाय.

मेस्त्रीच म्हणतो म्हटल्यावर मी गप्प बसले. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला पंपातलं काय कळणार?

१ फेब्रुवारी
आनंदा म्हणतो, ही फेरी करून गावी जातो. “चोर म्हणून ऱ्हाण्यापरीस तिथं म्हशी राखीन.” मी अडवलं नाही. डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

३ फेब्रुवारी
पहाटे धुक्यात गाडी खिंडीत बंद पडली. आनंदा मागे दगड लावत होता. मागून ट्रेलर आला.

४ फेब्रुवारी
उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. शुद्धीवर आहे. मला म्हणाला, “आक्का, फांदी लावायची ऱ्हायली.” जणू त्याचंच चुकलं.

हे बाहेर पोलिसांशी बोलत होते. दारातून ऐकू येत होतं. “ड्रायव्हर चोरटा आहे साहेब. डिझेल काढायचा. गाडी मुद्दाम बंद पाडायचा. माझा काही संबंध नाही.” पोलीस लिहून घेत होता. आनंदावरच गुन्हा लागेल असं वॉर्डातली मावशी म्हणाली.

त्यालाही ऐकू आलं. तोंड भिंतीकडे केलं.

६ फेब्रुवारी
सुजीत दवाखान्यात आला. मोसंबी आणली होती, ती पिशवी हातातच धरून उभा.

“काकू, झाकण बदललंच नाय ना?”

मी म्हटलं, पंप गेला होता ना?

“कुठला पंप? पंप बरा हाय. काका गाडी घेऊन आले त्याच दिवशी मी त्यांना दाखवलं. झाकण उघडलं तर भस्सकन हवा आत गेली, मीटरचा काटा चारवर. सांगितलं, झाकण टाका फेकून. आणि डिझेल कोण चोरत नाय, परतीची नळी गळते, खाली बघा ओली हाय. काका उगी किल्ली फिरवत उभे होते. मग बोलले, कोणाला सांगू नको, मी बघतो.”

मी तिथेच बाकावर बसले. चाळीच्या दारात इतकं मोठ्याने बोलून झाल्यावर, चुकलो म्हणायचं जिवावर आलं असेल. तेवढ्यासाठी.

घरी येऊन विचारलं. हे पाठ करून झोपले. झोप लागलेली नव्हती.

८ फेब्रुवारी, एकादशी
आज मी सुजीतला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तेलाच्या डब्यापासून सगळं सांगितलं. लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, गाडीच्या मालकाचं नाव? मी थांबले. बावीस वर्षांत उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नव्हतं.

बळवंत ज्ञानू मोहिते. माझा नवरा. त्याला माहीत होतं.