सिनिअर बाहेरगावी आहेत

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. लातूरहून फोन होता. तिथल्या तरुण वकिलांच्या मेळाव्यात मला ‘नागरी हक्क’ या विषयावर बोलायचं आहे. आधी दोघांनी नाही म्हटलं होतं असं कळलं, पण त्याचा माझ्या निवडीशी संबंध नसावा. परिचय पाठवा म्हणाले. लगेच लिहायला बसलो. ‘अ‍ॅड. मृत्युंजय : व्यावसायिक पार्श्वभूमी’ इथपर्यंत झालं. मग जेवलो.

४ ऑगस्ट

पार्श्वभूमीवर सखोल विचार. सनद मिळून दोन वर्षं झाली. नांदेडला आनंदराज सरांचा ज्युनिअर आहे. सरांना एकाच वेळी दोन कोर्टांत उभं राहता येत नाही, म्हणून दुसरीकडे मी उभा राहतो आणि म्हणतो, “साहेब, सिनिअर बाहेरगावी आहेत, पुढची तारीख मिळावी.” वाटतं तितकं सोपं नाही. आवाजात कळवळा लागतो. मुदखेडला मिळाली, किनवटला मिळाली. मला तारीख नाकारली असं आजवर झालेलं नाही.

लिहिलं : ‘जिल्ह्यातील अनेक न्यायालयांत कामाचा दांडगा अनुभव. आजतागायत एकही खटला हरलेले नाहीत.’ दोन्ही खरं आहे.

५ ऑगस्ट

योगायोग बघा! सरांनी नेमकं हक्कांचंच प्रकरण दिलं. नाझनीन, पाशामियाँ टेलरची मुलगी. सरकारी नोकरीची परीक्षा देतेय. शहरातल्या एका सार्वजनिक अभ्यासिकेत (नाव लिहीत नाही, गोपनीयता) सहा वाजले की मुलींना उठवतात. मुलं मात्र अकरापर्यंत बसतात. घर दोन खोल्यांचं. पाशाचाचा म्हणाले, “वकीलसाब, घरात दोन मशिनी चालून राहिल्या. त्या खडखडात पोरगी काय वाचंल?” पेपर २४ तारखेला. अर्ज सरांनी दाखल केलाय. ११ला सुनावणी, बोलायचं मी.

परिचयात भर : ‘महिलांच्या समान हक्कांसाठी लढा.’

७ ऑगस्ट

युक्तिवादाची तयारी उद्यापासून. आज पाशाचाचांनी कोटाचं माप घेतलं. ऐकायलाच तयार नाहीत, म्हणाले, “माझ्या पोरीसाठी बोलनार, तर कोट माझ्या हातचा पाहिजे.” माप घेताना म्हणाले, “छाती फुगवू नका वकीलसाब, कोट ढिला व्हईल.” फुगवली नव्हती. माझी तशीच आहे.

९ ऑगस्ट

तयारी उद्यापासून. परिचयाला फोटो हवा होता. हाताची घडी घालून बरा येतो.

१० ऑगस्ट, रविवार

दिवसभर तयारी. आरशासमोर युक्तिवाद केला, अंगावर काटा आला. आई म्हणाली, हळू ओरड. नाझनीनचा फोन : “सर, हुकूम भेटंल ना? चौदाच दिवस राह्यले.” म्हटलं, निश्चिंत अभ्यास कर.

११ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतंय.

प्रकरण पुकारलं. अभ्यासिकेच्या संस्थेनं आपलं लेखी म्हणणं दिलेलंच नव्हतं, त्यांचे वकील कागद चाळत होते. न्यायाधीश साहेब म्हणाले, बोला वकीलसाहेब. एवढं सोपं मैदान कुणाला मिळतं? मी उभा राहिलो, जुना कोट सावरला आणि आवाजात पूर्ण कळवळा आणून म्हणालो, “साहेब, सिनिअर बाहेरगावी आहेत, पुढची तारीख मिळावी.”

साहेबांनी मान वर न करता २८ दिली. मी थँक्यू पण म्हणालो. भानावर आलो तोवर पुढचं प्रकरण पुकारलं होतं. समोरच्या वकिलांनी मला चहा पाजला. मी प्यायलो.

बाहेर नाझनीन म्हणाली, “सर, आपल्याला हुकूम पाहिजे व्हता ना?” पाशाचाचांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

१२ ऑगस्ट

तारीख अलीकडे घ्यावी म्हणून पळालो. साहेब आजपासून रजेवर. शेजारच्या कोर्टातून सर आले, म्हणाले, मी गावातच आहे बरं का.

परिचयातून ‘लढा’ काढला.

१३ ऑगस्ट

विचार केला. आमच्या ऑफिसात सहानंतर कोण येतं? सर घरी जातात. माझ्या टेबलाकडे तर सहाच्या आधीही कुणी फिरकत नाही. सरांना विचारून किल्ली पाशाचाचांच्या घरी नेऊन दिली. नाझनीन संध्याकाळी टेबलाशी, पाशाचाचा दारात काजं-बटणं करत. मी बाहेर पायरीवर. अशिलांची वर्दळ थोपवायला.

१९ ऑगस्ट

वर्दळ नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पेपर झाला. संध्याकाळी दोघं आले. नाझनीन म्हणाली, “बरा गेला, सर. तुमच्या टेबलाशी लई शांत हाय, कोनीच येत न्हाई.” मनापासून म्हणाली, हेच वाईट.

पाशाचाचांनी कोट आणला होता. मी घेईना, तर स्वतःच चढवला. ढिला झालाय.

मी म्हटलं, आता २८ला सरच बोलतील. नाझनीन म्हणाली, न्हाई, तुम्हीच. माझा पेपर झाला, पन बाकीच्या पोरींना अजून सहालाच उठवतेत. मी कोर्टात मागं बसते. तिनं माझ्याच टेबलामागं बसून मला समोर उभं केलं. म्हणाली, पहिलं वाक्य म्हणून दाखवा.

कोट सावरला. घसा साफ केला. म्हणालो, “साहेब, सिनिअर…”

नाझनीन म्हणाली, “पुन्हा म्हना, सर.”