आत्याची मोगरी आणि ए विंगचा विजय

वारजे, पुणे
दसरा होऊन गेल्यावर

तीर्थरूप ज्ञानदेवकाकांना बजरंगचा पाय धरून नमस्कार (पाय हाती लागतील तेव्हा लागतील, तूर्त कागदावरच).

तुमचा गुडघा कसा आहे? काकूच्या शिंका थांबल्या का? म्हैस व्याली असेल तर कळवा, नसेल तरी कळवा. इकडे आत्या, आतोबा आणि मी खुशाल आहोत, आणि हे ‘खुशाल’ मी सवयीनं लिहीत नाही, पुराव्यानिशी लिहितोय. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही “बरं बरं” म्हणून ठेवून देता, आणि बाबा तर माझा नुसता ‘हॅलो’ ऐकूनच रागावतात. पत्र मधेच ठेवता येत नाही (येतं, पण ठेवू नका).

तुम्हाला ठाऊकच आहे, बाबांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. नाशिक झालं, कोल्हापूर झालं, ते गोव्याचं झालं (तिथे एक माणूस भेटला होता, तो मगरींना नावं ठेवायचा, म्हणजे बारशासारखी... असो), आता पुण्यात आत्याकडे कुणाच्या तरी उपयोगी पडलास तर राहा, नाहीतर मेहकरला ये आणि खताच्या दुकानात बस, असं त्यांचं म्हणणं. माझा खताला विरोध नाही, बसण्याला आहे. तेव्हा आत्यानं मला काम नेमून दिलं: आतोबांना रोज सकाळी चालवायचं. आतोबांची साखर फार वर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दसऱ्यानंतर पुन्हा तपासू, उतरली नाही तर रोज इन्शुलिन. आजोबांच्या पायाचं शेवटी काय झालं ते आत्यानं जवळून पाहिलंय, त्यामुळे या विषयावर ती कुणालाच हसू देत नाही.

पण रंगनाथआतोबा म्हणजे अस्सल पुणेकर माणूस. सोसायटीच्या गेटपर्यंत यायचे, बाकावर बसायचे आणि पेपर उघडायचे. मी म्हणायचो, आतोबा, चला. ते म्हणायचे, “तू चाल. मी तुझ्यावर लक्ष ठेवतो.” मी मग थोडं पुढे जायचो, आणि पुढे गेलं की मला काहीतरी दिसतंच (एकदा एक पोपटवाला दिसला, त्याच्या मागे मी कर्वेनगरापर्यंत गेलो, पोपट त्याचा नव्हताच), आणि परत येईपर्यंत आतोबांचा पेपर, चहा आणि चहाबरोबरची खारी, तिन्ही संपलेली असायची. आत्या माझ्याकडे नुसतं बघायची. मला खताचा वास यायला लागला होता.

त्यात खंडेनवमी आली. आत्यानं पाट मांडला, त्यावर विळी, आतोबांचा कॅल्क्युलेटर, स्कूटरची किल्ली. मला म्हणाली, तुझं काय हत्यार असेल ते ठेव. माझं हत्यार काय असणार? पण ए विंगची बॅट माझ्या ताब्यात होती (दसऱ्याला सकाळी ए विंग विरुद्ध बी विंग सामना, सामानाची जबाबदारी माझी). मी ती तेल लावून, हळदीकुंकू वाहून, झेंडूचा हार घालून पाटावर ठेवली. इतकी शोभली की आत्यासुद्धा खूश झाली. दसऱ्याला सकाळी मी बॅट उचलायला वाकलो, तर मागून आवाज आला, “हात लावशील तर बघ!” पाटावर बसवलेलं हत्यार सोनं वाटून आल्यावर, संध्याकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. काका, हे मला माहीत होतं. आपल्या घरी त्या दिवशी ट्रॅक्टर हलत नाही. पण बॅट म्हणजे ट्रॅक्टर, हे डोक्यातच आलं नाही.

बी विंगचे कप्तान शरच्चंद्रराव. त्यांच्याकडे बॅट मागितली, तर म्हणाले, “सामन्याला येताना बॅट आणायची पद्धत आहे.” मग मी बॅट मागायला अभिनव नावाच्या माझ्या मित्राकडे शनिवार पेठेत पळालो. त्याच्या घरमालकांनी दार किलकिलं करून सांगितलं, “झोपलाय. आणि बेल वाजवतात, पाडत नाहीत.” परत आलो तर सगळी ए विंग पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभी, आणि माझ्या हातात वाटेत घेतलेली आपट्याची पानं. तेव्हा आत्या वरून मोगरी घेऊन आली. आपली कपडे बडवायची लाकडी मोगरी, गोधड्यांसाठी ठेवलेली. म्हणाली, “ही काही पाटावर नव्हती.” शरच्चंद्ररावांनी हसत परवानगी दिली. तिथेच ते हरले.

कारण पार्किंगचा नियम असा की चेंडू कंपाउंडबाहेर गेला की फलंदाज बाद (गाड्यांच्या काचांमुळे). बी विंगच्या चांगल्या बॅटवरून चेंडू सुसाट जायचा आणि थेट बाहेर. सगळे रुबाबात बाद झाले. आमच्या मोगरीवरून चेंडू जेमतेम तुळशीच्या कुंडीपर्यंत जायचा, म्हणजे बाद व्हायची सोय नाही, पण एकेक धाव पळूनच काढायची. आमचा एक गडी गावी गेलेला, म्हणून आत्यानं आतोबांना आत ढकललं. आणि काका, तो माणूस पळाला! शरच्चंद्रराव म्हणाले, “रंगनाथराव, खुर्ची आणू का?” तेवढंच निमित्त झालं. लेंगा वर खोचून पळाले. आत्या ओरडली, “अहो, पळा!” आतोबा पळता पळता म्हणाले, “मग काय, झोपलोय का?” शेवटची धाव त्यांनी स्कूटरला धडकून पूर्ण केली आणि ए विंग जिंकली. मी त्यांना खांद्यावर घ्यायला उचललं, पण ते म्हणाले, “खाली ठेव, माझे पाय आहेत.”

हरलेल्यांनी परतीचा सामना मागितला, म्हणून त्या दिवसापासून आतोबा रोज सराव करताहेत. काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उपाशीपोटीची साखर उतरलीय. इन्शुलिन तूर्त नको, असंच पळत राहा, म्हणाल्या. आत्या तिथेच रडली, मग मला म्हणाली, “तू राहा रे.” एवढंच म्हणाली, पण दोनदा.

तुमचा (आणि आता आत्याचाही)
बजरंग

ता. क. हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा. इथपर्यंतच.

पुन्हा ता. क. हे फक्त तुमच्यासाठी. आतोबा उजाडायच्या आत माझं पांघरूण ओढतात. मी गोलंदाजी करायची, चेंडूही मीच आणायचा, मग टेकडी चढायची. कुठे काही दिसलं म्हणून थांबलो तर कॉलर धरून पुढे नेतात. “उपयोगी पडायचंय ना? मग पड.” काका, गोव्यातसुद्धा माझे असे हाल झाले नव्हते. तर विनंती अशी, की भाऊबीजेला आत्याला माहेरी घेऊन जा, आणि आतोबांनाही आग्रहानं बोलवा. जितके दिवस ठेवून घ्याल तितकं पुण्य. बांधावरून पळवा. घर सांभाळायला मी इथे आहेच. बाबांनी विचारलं तर सांगा, पोरगा तिथे इतका लागतो की त्याला हलवता येत नाही.

शेवटचं. आतोबा बुटाची नाडी बांधताहेत. विचारतात, पत्र टाकायला चाललास ना, चल, चालतच जाऊ, मी धरतो पाकीट. घट्ट चिकटवतो.