तीन अंकी ब्लॉक

१८ ऑगस्ट, सकाळ
आजपासून नाटक. ठरलं म्हणजे ठरलं. काल अभिमन्यू मोबाइलच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी आला. म्हणाला, "रामहरी, तूच लिही बे. दसऱ्याला वस्तीवरच्या पोरांचं नाटक बसवू. दिवाळी झाली की निम्मे नट ऊस तोडायला जातेत. मग मी एकटा स्टेजवर उभा राहू का?"
त्याला पाऊण तासाचं, हलकंफुलकं पाहिजे. मी तीन अंकी देणार. शोकांतिका. हायस्कूलात इतकी वर्षं मराठी शिकवतो ते काय हलकंफुलकं लिहायला?
वेळापत्रक: पहाटे पाचला उठणे, सातपर्यंत लेखन, मग शाळा. रोज चार पानं. हिशेब केला तर दसऱ्यापर्यंत दोन नाटकं होतात. दुसऱ्याचं काय करायचं ते नंतर बघू.

१९ ऑगस्ट, ८.४०
अलार्म वेळेवर वाजला. अलार्मबद्दल तक्रार नाही. पहिल्याच दिवशी शरीरावर जबरदस्ती करू नये, असं एका व्हिडिओत सांगितलंय. तो व्हिडिओ चांगला आहे. त्याचे पुढचे भागही बघितले.

२४ ऑगस्ट
शीर्षक मिळालं! 'जळता फड'. म्हणजे अर्धं काम झालं. अर्पणपत्रिकाही लिहिली. इतकी उतरली की वाचताना मलाच भरून आलं. वर्षाराणीला वाचून दाखवली. (बायको असली तरी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे, माणसांची पारख आहे.) तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चांगलं हाय. कोण वारलं?"

१ सप्टेंबर
टेबल पूर्वेकडे फिरवलं. पूर्वेला शेजारच्यांची म्हैस. मी लिहायला बसलो की रवंथ थांबवून माझ्याकडे बघते. अशा नजरेखाली अंक पहिला होणं शक्य नाही. टेबल उत्तरेला नेताना पाय निखळला. टेबलाचा.

९ सप्टेंबर
नववीला 'जिद्द' हा निबंध दिला होता. तपासायचा गठ्ठा एवढा झाला की जिद्दीपायी आठवडाभर लेखन बंद.
आज नटमंडळी घरी. लखन आणि त्याची बायको शिवकन्या. दोघं दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. शिवकन्या कधी स्टेजवर चढलेली नाही. अभिमन्यूनं तिला भजनात ऐकलं आणि हिरॉइनच करून टाकलं. सासूला पटवायला तिला महिना लागला म्हणे. दारातच उभी राहून म्हणाली, "सर, माझं बोलणं लिहिलं का? मला वाचायला येळ लागतो. आधी भेटलं तर खुरपताना पाठ करीन."
मी तिला पात्राची मानसिक बैठक समजावून सांगितली. बराच वेळ. तिनं मान डोलावली आणि शेवटी म्हणाली, "जरा हसायचं बी टाका सर. सहा महिने तिकडं काय हसायला हाय?"
प्रेक्षकांची अभिरुची घडवायला वेळ लागणार.

१६ सप्टेंबर
निसर्गाच्या सान्निध्यात गेल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. म्हणून माजलगावला मेव्हण्याकडे आलो. प्रविणचं घर धरणापासून जवळ. पाणी बघितलं. भरपूर आहे. दुपारी मासे, रात्री मासे. प्रविणनं विचारलं, "दाजी, सुचलं का?" मी म्हणालो, "आत साठतंय." तो म्हणाला, "मग दरवाजे उघडा की." तो पाटबंधारे खात्यात आहे, त्याला असंच सुचणार.

२३ सप्टेंबर
निदान झालं. मला रायटर्स ब्लॉक आहे. व्हिडिओतली सगळी लक्षणं जुळतात: थकवा, चिडचिड, कोऱ्या कागदाची भीती, वारंवार चहा. इतका हलका झालो की उपकेंद्रात वर्षाला फोन लावला. म्हणालो, "मला ब्लॉक निघालाय."
तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "कुठं दाखवलं? किती टक्के? डाव्या हाताला मुंग्या येतेत का?"
मी नीट सांगणारच होतो. पण इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशा आवाजात बोलल्याचं आठवत नाही. म्हणालो, "छातीवर जडपणा आहेच."
खोटं नाही. एका अर्थी आहेच.

२५ सप्टेंबर
माझ्या हार्टचं वस्तीभर झालं. अभिमन्यू सफरचंदं घेऊन आला आणि त्यानं नाटकाचं नावच काढलं नाही. उलट म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको बे. नाटक गेलं खड्ड्यात." मला जरा लागलं. खड्ड्यात कशाला? पण विश्रांती हवीच होती.

२८ सप्टेंबर
शिवकन्या देवीचा अंगारा घेऊन आली. माझ्यासाठी नवरात्रात अनवाणी चालणार आहे. मी म्हणालो, "अगं, तसं काही गंभीर नाही." ती म्हणाली, "तुमी बोलू नका सर, दम लागंल." जाताना वर्षाला हळूच विचारत होती, "सिस्टर, सर बरे झाले की लिहितील ना?" मला आतल्या खोलीत ऐकू आलं. पांघरूण वर घेतलं.
सांगून टाकायला हवं. उद्या सांगतो.

५ ऑक्टोबर
सांगायच्या आतच वर्षानं बीडला नेलं. एसटीत मला खिडकी दिली आणि स्वतः उभी राहिली. कार्डिओग्राम काढला. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "घोड्यासारखं हार्ट आहे. ब्लॉक कुणी सांगितला?" मग सांगावं लागलं. रायटर्स. म्हणजे लेखकांचा. डॉक्टर हसले. वर्षा हसली नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी ती बसली.
 आमच्या वडवणीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "ती पोरगी अनवाणी फिरतीय. तिला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगणार."

६ ऑक्टोबर
सांगितलं. म्हणजे, औषधानं ब्लॉक विरघळला असं सांगितलं. शिवकन्येला एवढा आनंद झाला की आता खरं सांगून तिच्या श्रद्धेला धक्का लावणं अमानुष ठरेल. चप्पल घाल म्हणालो. म्हणाली, "बोलले हाय ना सर, मग दसऱ्यापोतर चालीन."
तिच्या टाचा बघून परत आलो. आज लिहायचंच. बसलो. 'अंक पहिला. प्रवेश पहिला. उसाचा फड. दूरवर धूर.' धुरापाशी अडलो. धूर स्टेजवर कसा आणायचा हा तांत्रिक प्रश्न आहे, लेखनाचा नाही.

१० ऑक्टोबर
दसऱ्याचं जमत नाही. पाडव्याला करू, असं अभिमन्यूला कळवलं. घाईत केलेली कला टिकत नाही. तो म्हणाला, "पाडव्याला नक्की बे? भाऊबीज झाली की टोळ्यांच्या गाड्या लागतेत." नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ.

२७ ऑक्टोबर
दिवाळीची साफसफाई. फराळ. शीर्षक बदललं: 'फड जळतोय'. जास्त जिवंत वाटतं. चिवडा चांगला झालाय.

२ नोव्हेंबर, पाडवा
मंडप पडलेला होता. माझ्याकडे दीड पान. अभिमन्यूनं ते वाचलं, घडी करून परत दिलं आणि स्पीकरवर गाणी लावली. पोरं नाचली. शिवकन्या नवी साडी नेसून, केसांत फुलं घालून आली होती. बायकांच्या कडेला बसून राहिली. गाणी बंद झाल्यावर अभिमन्यू मला म्हणाला, "कावून हो म्हणला होतास? पयल्याच दिवशी न्हाई म्हणला असतास, तर आमीच कायतरी केलं असतं." रागानं बोलला असता तर उत्तर देता आलं असतं.

६ नोव्हेंबर, सकाळ
गाड्या लागल्या. निरोपाला गेलो. ट्रकवर भांडी, गोधड्या, एक शेळी, वर माणसं. मी खालून सांगितलं, "पुढच्या दसऱ्याला नक्की, शिवकन्या. तुझी भूमिका डोक्यात तयार आहे." तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "व्हय सर." मग लखननं तिला शेळीची दोरी धरायला दिली, तेवढ्यात गाडी हलली.
तिच्या आवाजात विश्वास नव्हता, पण रागही नव्हता. असं बोलणं कुठं लिहायचं असेल तर कसं लिहावं, याचा रस्ताभर विचार केला. घरी आल्यावर लिहून काढणार होतो. शाळेला उशीर झाला.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
शिवकन्येचा फोन आला. कोल्हापूरकडून. मी लगेच उचलला. वाटलं, नाटकाचं विचारणार. म्हणालो, "बरं झालं केलास. दुसऱ्या अंकात तुझा मोठा प्रसंग टाकतोय..." तिनं थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "सर, सिस्टर हाईत का? पोराच्या डोसचं विचारायचं होतं."
फोन दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. वर्षा मधेच मोठ्यानं हसली. या घरात ती तशी हसलेली मला बऱ्याच दिवसांत आठवत नाही.
फोन ठेवल्यावर विचारलं, काय झालं. म्हणाली, मागच्या आठवड्यात साखर कारखाना दोन दिवस बंद होता. तेव्हा त्यांनी कोप्यांपुढं, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, नाटक केलं. लखन टोळीचा मुकादम झाला, शिवकन्या मुकादमाची बायको. शेजारच्या टोळ्याही बघायला आल्या. माणसं पोट धरून हसली. पुन्हा करा म्हणतेत.
मी विचारलं, "लिहिलं कुणी?"
वर्षा कणीक मळत होती. म्हणाली, "कुणीच न्हाई. उभे राहिले अन् बोलले."
जेवलो. भाजीत मीठ कमी होतं. उठून स्वतःच घेतलं.