फोडण्यासाठी भरलेल्या बांगड्या

अहो,

'प्रिय' लिहीत नाही. तुम्हालाच हसू आलं असतं. पण आज दहाव्याला तुमच्या ताईंनी जे केलं, ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

पुढच्या आठवड्यात शहाद्याच्या कोर्टात आपली शेवटची तारीख होती. दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या. आणि तुम्ही कळसाडीच्या शेतावर छातीत कळ येऊन गेलात! एवढी कसली घाई? थोडं थांबला असतात तर मी घटस्फोटित म्हणून जगले असते. आता विधवा. हेही तुमच्याच मर्जीने!

शेजारणी विचारायच्या, "ह्या वयमा कोन सोडचिठ्ठी मांगस?" अहो, याच वयात मागतात! तुम्ही कारखान्याच्या पाळीवर, मी शाळेत. आपला संसार भिंतीवरच्या घड्याळाने सांभाळला. दोघं रिटायर झालो, दिवसभर समोरासमोर बसलो, तेव्हा कळलं की आपली ओळखच नाही. आणि जेवढी झाली, तेवढी मला आवडली नाही.

माझ्या निरोपाचा हार गळ्यात घेऊन मी घरी आले, तेव्हा पाहुण्यांसमोर काय म्हणालात? "मडम, आते तरी रांधानं शिका!" सगळे हसले. इतकी वर्षं कोणाच्या हातचं जेवत होतात हो?

कोर्टाच्या बाकावर मात्र हळूच विचारलंत, "बीपीनी गोळी खाधी का?" हे घरात का नाही सुचलं कधी?

तर आज. मंगळसूत्र, बांगड्या मी अर्जावर सही केली त्याच दिवशी उतरवल्या होत्या. ताई वैतागल्या, "हातमा बांगड्याच नही, आते फोडूत काय?" मग कासाराकडून हिरव्या बांगड्या मागवल्या आणि माझ्या हातात भरल्या. फोडण्यासाठी! त्यांनी दगड उचलला तसा मी हात ओढून घेतला.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"ताई, भरलेल्या बांगड्या कोणी परत मागतं का?" म्हटलं, आणि उठून आले.

त्या अजून हातात आहेत. तुमच्यासाठी घातल्या नाहीत, तुमच्यासाठी फोडणारही नाही. भांडी घासताना कधीतरी फुटतील, तेव्हा काचा मीच गोळा करीन.

आणि एक शब्द देते. तारखेला मी शहाद्याला जाणार. वकील म्हणाले, आता गरज नाही. मला आहे. त्याच बाकावर बसेन, गोळी घेऊन. आपल्या नावाचा पुकारा झालाच तर उभी राहून सांगेन, "ते आले नाहीत. मी आले आहे."

नुसतीच,
नलिनी