वाटीतले चिंचोके

आबा, शाळेत पोरांचे कान तपासायचे होते, तवा सगळ्यात आधी कोण आलं असंल, तर आमच्या शेजारची पाटलीण. नातवाच्या दोन्ही कानांतनं तेल गळतंय आन् म्हणती कशी, "पाव्हणे कान बघणार, मग कान नकोत का चकचकीत?" मागनं आलेल्या बायांनीबी तेच केलेलं. मी तरी कुठं मागं, लसूण घालून कढवलेलं तेल नातीच्या कानात सकाळीच ओतलेलं. शिरूरच्या डॉक्टरीणबाई बॅटरी मारून बघतात तर आत नुसतं तेल. अर्धी सकाळ कान पुसण्यात गेली, आन् कापसाच्या वाती वळायला आम्हीच बसलो.

ही नात म्हंजी तुमच्या नातवाची थोरली. तुम्ही गेलात तवा तो रांगत होता, आता कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जातो, म्हणून पोर निमोण्यात माझ्याजवळ. गुरुजी म्हणायचे, हिचं लक्ष न्हाई, हाक मारली तरी बघत न्हाई, यंदाबी दुसरीतच ठेवू. त्यावर बाप म्हणाला, "जमत न्हाई तर राहू दे घरी, शेळ्या तरी बघंल." तुम्ही हट्टानं घातलंत म्हणून मी दोन यत्ता शिकले, हिनं तिथंच थांबावं?

तर आबा, डोक्यावरनं कानाला काळे फोन लावतात. आत बारीक शिट्टी वाजती, ती ऐकू आली की वाटीत चिंचोका टाकायचा. आमची पोर टकाटक टाकती. मी पाटलिणीकडं बघून मान ताठ केली. पण डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं, पोरगी बघती त्यांच्या बोटाकडं, बटन दाबलं की चिंचोका. त्यांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं. आता मूठ भरलेली आन् वाटी रिकामी.

तवा मला तुम्ही दिसलात. शिरूरच्या बाजारात तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवायचात, "आता सांग" म्हणायचात आन् कांद्याचा भाव माझ्या ओठांवरनं उचलायचात. पोरगीबी रोज माझी हनुवटी धरती. मला वाटायचं लाडात येती.

"आजी, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय," बाई म्हणाल्या. "बहुतेक औषधाने जाईल. तोवर हिला पुढे बसवा, समोरून बोला. आणि ते तेल बंद." गुरुजींनी उठून स्वतः तिचं बसकर पहिल्या रांगेत टाकलं. आता तिसरीत घालतो म्हणतात, आन् बाप शेळ्यांचं नाव काढत न्हाई.

महिनाभर औषध दिलं, आन् काल चुलीपुढं पाठमोरी बसून मी हळूच म्हणाले, "डब्यात गूळ हाय." ओसरीवरनं धावत आली की हो. मी गुळाचा मोठा खडा तिच्या हातावर ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, ठाऊक हाय मला. पण खरं सांगते, प्रत्येक ओळ मी मोठ्यांदा बोलत लिहिली, तुमच्याशी बोलायची सवयच ती. आत्ता आतनं पोर म्हणाली, "आजी, वरडू नको, मला येतंय ऐकू."

बुधवारी पाव्हणे परत कान बघायला येणार हायेत. चिंचोके धुऊन ठेवलेत.